पडद्याशेजारची क्रांती

बोर्ली पंचतनच्या आमच्या वाचनालयात क्रांती धाडवे कित्येक वर्षं काम करते आहे. कपाटांच्या चाव्या तिच्याकडे, सकाळी वर्तमानपत्रं मांडायची तिनं, पावसाळ्याआधी पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घालायचा तोही तिनंच. तिचे वडील मुंबईला गोदीत होते. तिथल्या एका मोर्चात ऐकलेलं नाव त्यांनी मुलीला ठेवलं आणि गावाला पोस्टकार्डानं कळवलं. म्हसळ्याजवळच्या वाडीत त्यांची थोडी भातशेती होती. क्रांती बारावी झाली त्याच सुमारास तिच्या आईची, गोदूबायची, नजर काचबिंदूनं गेली. पुढे वडील वारले. क्रांतीला वाचनालयात नोकरी लागली तशा मायलेकी बोर्लीत खोली घेऊन राहू लागल्या. लग्नाचं दोनदा निघालं, पण "आयेला संगती आणीन" ही तिची अट कुणाला मानवली नाही. तिनंही फार वाट पाहिली नाही.

मी इथल्या शाळेत शिकवते आणि वाचनालयाच्या समितीवर आहे, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहायला मिळालं.

आईला दिसत नाही म्हणून दिसेल ते सांगायची सवय क्रांतीला फार जुनी. दोघी हातात हात घालून बाजारातून निघाल्या की क्रांतीचं चालू असतं, "डाव्या अंगाला कलिंगडांचा टेम्पो हाय. वरती पोरगा झोपलाय. त्याची चप्पल पडली खाली." गोदूबाय म्हणते, "उचलून दे की गो," आणि क्रांती चप्पल उचलून टेम्पोत ठेवते. लग्नात, शिमग्याच्या नमन-खेळ्यात, टीव्हीपुढे, सगळीकडे असंच. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. कुणाला बोलताना हात हलवायची सवय असते, तशी हिला ही.

निसर्ग चक्रीवादळात वाचनालयाचे पत्रे उडाले. बागांमधल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, घरांवर छपरं नव्हती, तेव्हा पुस्तकांकडे कोण बघणार? पण क्रांती बघत होती. ओली पुस्तकं दोरीवर टाकून तिनं वाळवायचा प्रयत्न केला. बहुतेकांचा लगदाच झाला. पुढे छप्पर झालं तेव्हा कपाटं रिकामी होती. समितीनं फोनवरच्या गटांतून पुस्तकांसाठी आवाहन केलं, ते फिरत फिरत किहीमला आश्लेषा केळकरांपर्यंत गेलं. सत्तरीच्या घरातल्या या बाई. नवरा-बायको दोघं जपानी कंपनीत दुभाषे म्हणून काम करत, तिकडे बरीच वर्षं राहिलेले. निवृत्तीनंतर किहीमला नारळीच्या बागेत घर बांधलं. यजमान आता नव्हते. आश्लेषाताईंनी टेम्पो भरून खोकी पाठवली.

खोकी उघडली तेव्हा आमचे चिटणीस माधवकाका बापट कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मागवल्या होत्या कादंबऱ्या," ते म्हणाले, "आलंय जपान!"

खरंच जपान होतं. मराठीत आलेल्या जपानी कथा, प्रवासवर्णनं, मोठमोठी चित्रांची पुस्तकं, आणि एका खोक्यात नुसत्या सिनेमांच्या तबकड्या. लोक वाचनालयात येत, चाळत आणि परत ठेवत. क्रांती मात्र रोज एक पुस्तक घरी नेऊ लागली. आधी चित्रांची, मग मराठीतली. रात्री जेवण झालं की आईला वाचून दाखवायची. तीन ओळींची कविता वाचली त्या दिवशी गोदूबाय म्हणाली, "सपली? मी आता कुठं मांडी घालून बसले."

पण कथा तिला आवडल्या. समुद्रात गेलेला माणूस, तांदळाची पेज, लोणची, भुताखेतांचे घाट, सुनेवर डोळा ठेवणारी सासू. "ह्ये लोक मासळी-भात खातात आन् चपला भायेर काढतात," तिनं निकाल दिला, "मंग आपल्यातलेच."

गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या तरुणांनी वाचनालयाला प्रोजेक्टर दिला, तेव्हा शनिवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरलं. पहिल्या दिवशी जपानी सिनेमा आहे म्हटल्यावर शाळेतली मुलं तलवारबाजी असेल म्हणून धावत आली. पडद्यावर पहिला पाव तास एक बाई अंगण झाडत होती. मुलं एकेक करून निसटली. उरलो आम्ही थोड्या बायका, माधवकाका, त्यांची पत्नी अंबिकाकाकू आणि पुढच्या खुर्चीवर गोदूबाय, कारण तिला घरी एकटीला ठेवता येत नव्हतं. सिनेमा जपानीत, खाली अक्षरं इंग्रजीत. काकू जांभई देत होत्या.

क्रांती आईच्या कानाशी कुजबुजत होती. "दोन घरं हायत. मधे एक झाड. दोघी जावा हायत पन बोलत न्हायत. झाडाला नारंगी फळं लागलीत. आता ती सोलून दोरीला बांधते, पडवीत टांगते वाळवायला."

"कोकमांवानी?" गोदूबायनं विचारलं.

"व्हय, पन अख्खीच."

मागून अंबिकाकाकू म्हणाल्या, "क्रांती, अगं मोठ्यानं सांग की! आम्हालाही कळू दे."

क्रांती गोंधळली. मग उठून पडद्याच्या कडेला उभी राहिली, म्हणजे कुणाच्या आड यायला नको, आणि सांगू लागली. तिचं इंग्रजी बेताचं. अक्षरं धावत होती. जमेल तेवढं वाचत होती, उरलेलं चेहऱ्यांवरून ओळखत होती. शहरातून एक पोरकी मुलगी त्या घरी राहायला आली. खाली अक्षरं आली, 'आंट'.

"आंट म्हंजे कोण?" लगेच प्रश्न आला. "आत्या का मावशी?"

क्रांतीला सांगता येईना. इतक्यात गोदूबाय खुर्चीतून म्हणाली, "काकी हाय. आयका की, पोर सारखी काकी-काकी करते."

आम्ही कान दिला. खरंच, मुलगी झाडाकडे हात करून 'काकी' म्हणत होती. जावेनंही म्हटलं, 'काकी'. खोलीत एकदम आनंद झाला. जपानीतसुद्धा काकीला काकीच म्हणतात! क्रांतीनं पुढचा सगळा सिनेमा काकीचा म्हणून सांगितला. शेवटी अबोला धरलेली जाऊ आजारी पडली आणि मुलीनं तिच्या पायरीवर वाळलेली फळं नेऊन ठेवली, तेव्हा अंबिकाकाकूंनी पदरानं डोळे पुसले.

त्या संध्याकाळी क्रांतीनं धीर करून आश्लेषाताईंना फोन लावला. देणगीबद्दल समितीनं आभार मानले होते, पण ती स्वतः कधी बोलली नव्हती. सिनेमा बघितला, सगळ्यांना समजला, काकीचं तर विशेष वाटलं, असं तिनं सांगितलं. पलीकडे हसू फुटलं आणि थांबेचना.

"अगं बाई," आश्लेषाताई म्हणाल्या, "काकी म्हणजे ते फळ!"

क्रांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताई हसता हसता म्हणाल्या, "थांब, फोन ठेवू नकोस. किती दिवसांनी हसलेय मी. अजून सांग, आणखी काय काय सांगितलंस त्यांना?"

"मंग ती बाय त्या पोरीची आत्या का मावशी, तेवढं सांगा."

"ते जपानीतही कळत नाही. शब्द एकच. आईबापांपेक्षा मोठी असेल तर लिहायचं निराळं, धाकटी असेल तर निराळं. पण आईकडची की बापाकडची, ते नाही कळत."

पुढच्या शनिवारी क्रांतीनं सगळ्यांपुढे चूक कबूल केली. अंबिकाकाकू म्हणाल्या, "राहू दे. ती काकीच. तिच्यासारखी काकी आम्हाला मिळाली असती तर आम्हीही झाडाकडे बघून हाक मारली असती."

तिथून ती पद्धतच पडली. क्रांती सिनेमा आधी घरी दोन-तीनदा बघायची, शब्दकोश घेऊन. अडलं की किहीमला फोन. आश्लेषाताईंना तिचे प्रश्न आवडू लागले, कारण असे प्रश्न त्यांना कुणी विचारले नव्हते. धाकट्या भावानं मोठ्या बहिणीला नावानं हाक मारलेली कशी? ताई म्हणाल्या, नावानं नाहीच मारली, इंग्रजी लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय. तो 'ताई' असंच म्हणतो. क्रांतीनं शनिवारी 'ताई' केलं आणि आम्हाला ती बहीण लगेच आपली वाटली. बायकांची गर्दी वाढली. दिघीहून, वेळासहून मासळीवाल्या यायच्या, टोपली बाहेर ठेवून. कुणी प्रश्न विचारी, कुणी पडद्यावरच्या सासूला शिव्या घाली.

आणि मग तक्रार आली. ऋत्विक नावाचा एक मुलगा, इंजिनिअर झालेला, घरून काम करणारा. त्याला जपानी सिनेमाची खरी आवड होती. तो समितीला म्हणाला, "पिक्चरमध्ये शांतता असते, ती पण बघायची असते. क्रांतीताई एक सेकंद गप्प बसत नाहीत. मला आवाजच ऐकू येत नाही." तो काही वाईट बोलला नाही. पण माधवकाकांना निमित्त मिळालं. ते म्हणाले, "वाचनालय आहे हे. भिंतीवर आपणच 'शांतता राखा' लिहिलंय. आता सिनेमा फक्त दाखवायचा. सांगायचा नाही."

मी वाद घातला, पण क्रांतीच मध्ये पडली. "र्‍हाऊ दे बाई. त्यांचं बरोबर हाय. मला पन मनात तेच यायचं. दुसऱ्याच्या शिनेमात मी कशाला बोलायचं?"

नंतरच्या शनिवारी ती मागं खुर्चीत बसली, आईच्या शेजारी, ओठ मिटून. अर्ध्यात बायका उठून गेल्या. गोदूबाय मान खाली घालून शेवटपर्यंत बसली.

क्रांतीनं हे आश्लेषाताईंना सांगितलं नव्हतं. पण फोन येईनासे झाले म्हणून त्यांनीच केला आणि काढून घेतलं. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मुंबईत जुन्या जपानी सिनेमाचं प्रदर्शन लागलंय. मला एकटीनं जायचा कंटाळा येतो. तू चल माझ्याबरोबर."

गोदूबायला अंबिकाकाकूंनी ठेवून घेतलं. सिनेमा सांगणं बंद करणाऱ्याची बायको म्हणून त्यांनाच जास्त लाज वाटत होती. क्रांती पहाटेच्या एसटीनं गेली, ताई मांडव्याहून बोटीनं आल्या, आणि दोघी पहिल्यांदा भेटल्या त्या गेटवेपाशी. ताई फोनवर वाटल्या होत्या त्याहून बुटक्या होत्या, एवढंच क्रांतीनं नंतर आम्हाला सांगितलं.

फोर्टातल्या जुन्या इमारतीत दोन मजल्यांवर प्रदर्शन होतं. जाहिरातींची मोठी चित्रं, नटांचे किमोनो, जुने कॅमेरे. क्रांती एकेका वस्तूपुढे थांबत होती, कारण घरी जाऊन आईला सांगायचं होतं. दुसऱ्या दालनात मूकपटांच्या काळातले फोटो होते. त्यातल्या एकापुढे आश्लेषाताई मुद्दाम थांबल्या. थिएटर माणसांनी भरलेलं, समोर पडदा आणि पडद्याच्या कडेला छोट्या मेजामागे किमोनो घातलेला एक माणूस उभा, तोंड उघडं, एक हात वर.

"हा कोण?" क्रांतीनं विचारलं.

"बेन्शी," ताई म्हणाल्या. "सिनेमाला आवाज नव्हता, तेव्हा हा पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचा. सगळ्यांचे आवाज काढायचा. परदेशी सिनेमा असला तर त्यातल्या चालीरीती लोकांना समजावायचा. नट कोण आहे ते न बघता बेन्शी कोण आहे ते बघून लोक तिकीट काढत."

क्रांती फोटोकडे बघत राहिली.

"म्हंजे ह्ये काम हाय?"

"काम होतं. मान असलेलं. आणि हे बघ." पुढच्या चौकटीत तशाच मेजामागे एक बाई उभी होती, केस घट्ट बांधलेली, ताठ. "बायकाही होत्या. बोलपट आले आणि हे लोक मागे पडले. पण तिथे आजही हे करणारी थोडी माणसं आहेत."

क्रांती त्या बाईपुढून हलेना. मागे लोक खोळंबले, बाजूनं पुढे गेले. मग ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं मी सवयीपायी मधे मधे करते. ही पन माझ्यासारखीच कडेला उभी हाय." आणि चौकटीजवळ वाकून, "हिनं कुनाला सांगितलं असेल पयल्यांदा?"

चौकटीखाली मोठा मजकूर होता, तो ताईंनी तिला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य असं होतं की चांगल्या बेन्शीला कुठे बोलायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे कळत असे. क्रांतीनं ते दोनदा वाचायला लावलं.

परत आल्यावर ती समितीपुढे आली. ऋत्विकलाही बोलावलं होतं. तिनं प्रदर्शनाचं सगळं सांगितलं, फोटोतल्या बाईसकट, आणि मग ऋत्विककडे वळून म्हणाली, "तुझं खरं होतं. मी भीतीनं बोलायची, कुनाचं काय सुटायला नको म्हनून. आता कमी बोलेन. पन बोलेन." ऋत्विकलाच ओशाळल्यासारखं झालं. दोन खेळ करू या, असं त्यानंच सुचवलं. आधी अक्षरं वाचणाऱ्यांचा, मग ऐकणाऱ्यांचा. प्रोजेक्टर मी लावीन, म्हणाला. माधवकाकांनी थोडा वेळ चष्मा पुसला. "बेन्शी म्हणजे आपल्याकडे कथेकरी बुवा असतात तसंच की," असं म्हणून त्यांनी ठराव लिहून घेतला. ते पहिल्या खेळाला बसायचे. हल्ली दुसऱ्याला बसतात. लहान अक्षरं दिसत नाहीत, असं सांगतात.

क्रांतीचं सांगणं खरोखर बदललं. एका सिनेमात म्हातारा-म्हातारी नुसती पाऊस बघत बसतात. ती गप्प राहिली. गोदूबायनं विचारलं, "काय झालं गो?"

"कोन बोलत न्हाय, आये. पाऊस हाय."

"बरं," म्हणून गोदूबायनं पाय वर घेतले आणि खोलीभर नुसता त्या दूरच्या पावसाचा आवाज राहिला. ऋत्विक दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

गेल्या माघात आश्लेषाताई स्वतः आल्या. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरल्या, क्रांती आणायला गेली होती. त्या दिवशीचा सिनेमा त्यांनी यजमानांबरोबर तिकडच्या थिएटरात बघितलेला, तरुणपणी. एक मुलगी बंदरगावातून शहरात शिकायला निघते. दारात ती आजीला दोन शब्द बोलते. इंग्रजीत खाली आलं, 'गुडबाय'.

क्रांती म्हणाली, "जाऊन येते गो आजी."

ताईंनी माझा हात घट्ट धरला. खेळ संपल्यावर त्यांनी क्रांतीला विचारलं, "तिथं 'जाऊन येते' कसं म्हणालीस? कुठे वाचलंस?"

"वाचलं न्हाय. घरातून निघताना 'जाते' कसं म्हननार? वंगाळ वाटतं ते."

"अगं, ती जपानीत अक्षरशः तेच म्हणते. 'जाते आणि येते'. इतकी वर्षं मी दुभाष्याचं काम केलं, इंग्रजीत ते कधी मला नीट आणता आलं नाही. मराठीत घालून बघायचं मात्र सुचलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं."

बायका अजून बसून होत्या. आश्लेषाताई त्यांच्याकडे वळल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी बोलल्या. "तुम्ही मला देणगीदार म्हणता. खरं सांगू? हे गेल्यावर मला त्या खोक्यांकडे बघवत नव्हतं. जपानी बोलायला माणूसच उरला नव्हता. वादळाचं निमित्त झालं आणि मी ती घराबाहेर काढली. दिली नाहीत, काढली. आणि तुम्ही ती उघडलीत. मला फोन करून काकी कोण, आत्या कोण विचारलंत. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

आमच्याकडे कुणी असं तोंडावर आभार मानत नाही. सगळ्या अवघडल्या. शेवटी क्रांती म्हणाली, "ताई, तुमी ती काढली नसती तर मी जल्मभर कपाटांना कुलपं लावत बसले असते. उपकार कुनाचे कुनावर, ह्याचा हिशेब नको करूया. जेवायला चला."

जेवण क्रांतीच्या खोलीवर होतं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, सोलकढी. गोदूबायनं ताईंचा हात चाचपून पाहिला आणि विचारलं, "तूच ती फोनवरची बाय? बोल की जरा त्यांचं."

"काय बोलू?"

"कायपन. मला आयकायला गोड लागतं."

ताई जपानीत बोलू लागल्या. आधी अडखळत, मग भराभर. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. किहीमच्या घराबद्दल असेल, यजमानांबद्दल असेल. गोदूबाय मान डोलवत ऐकत होती. ताई श्वास घ्यायला थांबल्या तशी ती गंभीरपणे म्हणाली, "सो का."

ताई बघतच राहिल्या. 'असं होय' म्हणायला जपानी लोक तसंच म्हणतात. शनिवारमागून शनिवार पडद्यासमोर बसून ते म्हातारीच्या कानात उतरलं होतं, केव्हा आणि कुठे ते क्रांतीलाही ठाऊक नव्हतं. ताई हसू लागल्या, मग रडू लागल्या, आणि पुन्हा बोलू लागल्या, जपानीतच. गोदूबाय त्यांचा हात धरून बसली होती. क्रांतीनं त्यांच्या वाटीत आणखी सोलकढी ओतली आणि त्या दिवशी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही.